झुंबर, हंड्या आणि लोंबते दिवे: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

शोभेचा दिवा घ्यायचा म्हटलं की लोक फोटो पाठवतात आणि विचारतात "कसा दिसेल?", आणि मी आधी हेच विचारतो की तो कशाला टांगणार आणि त्याच्या खाली कोण बसणार. बरीच वर्षं दिवे टांगणं, उतरवणं, धुणं, वायरी बदलणं हेच काम करतोय, त्यामुळे तेच तेच प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र करून ठेवलेत. एकदा सांगितलेलं परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय तो बघा.

१. झुंबर, हंडी, पेंडंट, वॉल ब्रॅकेट यात नेमका फरक काय? दुकानात सगळ्यालाच झुंबर म्हणतात.

मधल्या दांड्यातून किंवा रिंगमधून अनेक हात किंवा अनेक दिवे निघतात ते झुंबर. एकाच साखळीला किंवा वायरला एकच दिवा लोंबतो तो पेंडंट. काचेच्या भांड्यासारखी दिसते आणि आत एक बल्ब असतो ती हंडी, म्हणजे तीही पेंडंटचीच बहीण. छताला चिकटून बसतो तो फ्लश माउंट, छतापासून वीतभर खाली असतो तो सेमी-फ्लश, आणि भिंतीवर बसतो तो वॉल ब्रॅकेट. झुंबराला खाली लोंबणारे काचेचे तुकडे असतात त्यांना लोलक म्हणायचं. शाळेत पांढरा प्रकाश फोडून सात रंग दाखवायचे तोच लोलक, आणि झुंबरातही तो तेच काम करतो.

२. आमच्या खोलीला किती मोठं झुंबर लागेल?

सोपा हिशोब असा की खोलीची लांबी आणि रुंदी फुटात मोजा, बेरीज करा, जो आकडा येईल तितके इंच व्यास. १२ बाय १४ ची खोली असेल तर २६ इंच. झुंबराच्या स्वतःच्या उंचीसाठी छताच्या दर फुटामागे अडीच ते तीन इंच धरतात, म्हणजे १० फुटी छताला २५ ते ३० इंच.

पण हा हिशोब रिकाम्या खोलीचा आहे. खोलीत मोठं कपाट, उंच सोफा, जाड पडदे असतील तर डोळ्याला खोली लहानच वाटते, तेव्हा दोन-तीन इंच कमीच घ्या. मी काय करतो सांगू का, पुठ्ठ्याचा गोल कापतो त्या मापाचा, दोरीने लटकवतो आणि दोन दिवस तसाच ठेवायला सांगतो, घरातले लोक त्याच्याकडे बघत बघत ये-जा करतात आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगतात मोठं होतंय की लहान.

३. किती खाली लटकवायचं?

जिथून माणसं चालतात तिथे झुंबराचं सगळ्यात खालचं टोक जमिनीपासून ७ फुटांच्या खाली आणू नका. जेवणाच्या टेबलावर लावताय तर हा नियम लागू नाही कारण टेबलावरून कोणी चालत जात नाही, तिथे टेबलाच्या पृष्ठभागापासून ३० ते ३६ इंच वर, आणि रुंदी टेबलाच्या रुंदीच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. याहून रुंद घेतलं तर उठताना डोकं लागतं, हे हमखास होतं.

जिन्याच्या उंच जागेत लावायचं असेल तर खालून नाही, वरच्या मजल्याच्या कठड्याजवळ उभं राहून ठरवा. बल्ब नजरेच्या रेषेत आले तर वरून उतरणाऱ्या माणसाला पायरीच दिसत नाही.

४. छत साडेआठ फूटच आहे, झुंबराचा नाद सोडावा का?

सोडू नका, पण पसरट घ्या. सेमी-फ्लश, किंवा मधल्या दांड्याऐवजी आडवी रिंग असलेलं. दांडा कापून आखूड करता येतो असं दुकानदार सांगतात आणि ते खरंही आहे, पण कापलेल्या टोकाला परत आटे पाडावे लागतात आणि आतली कड घासून गुळगुळीत करावी लागते, नाहीतर ती धारदार कड वायरीचं कातडं सोलते. हे काम घरी करवतीने करू नका.

५. पंख्याच्या हुकला झुंबर लटकवलं तर चालेल ना? फॉल्स सिलिंगला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नीट वाचा.

फॉल्स सिलिंगच्या बोर्डाला काहीही वजनदार टांगायचं नाही. पीओपी असो, जिप्सम असो, तो पडदा आहे, त्याला स्वतःचं वजन पेलतं तेवढंच पुरे. झुंबराचा भार वरच्या स्लॅबला किंवा तुळईलाच गेला पाहिजे, मधे फॉल्स सिलिंग असेल तर त्याला भोक पाडून थ्रेडेड रॉड (आटे पाडलेला दांडा) खाली आणायचा आणि झुंबराचा वरचा कप त्या भोकावर नुसता झाकण म्हणून बसवायचा. कप हा टेकू नाही. तरी मी असे कप बघितलेत ज्यांना दोन छोट्या स्क्रूंनी बोर्डाला आवळलेलं होतं आणि खाली नऊ किलोचं झुंबर.

पंख्याचा हुक जर स्लॅब भरतानाच सळईला अडकवून आत ओतलेला असेल तर तो सहसा मजबूत असतो, पंखा गरगर फिरताना जे हिसके देतो ते तो सोसतो. मग वजन किती? तर आधी झुंबराचं वजन करा, अंदाज नको, वजनकाट्यावर आपण झुंबराचा खोका घेऊन उभं राहायचं आणि मग खोक्याशिवाय. नंतर हे लक्षात ठेवा की दिव्यांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी ६०५९८, टांगायच्या दिव्याच्या अडकवणीची परीक्षा कशी घेतं तर दिव्याच्या वजनाच्या चौपट भार एक तास टांगून. म्हणजे १० किलोच्या झुंबरासाठी मनात ४० किलोचा आकडा धरा. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये छतातल्या वायरींच्या साध्या बॉक्सवर ५० पौंड, म्हणजे साधारण २३ किलोपर्यंतच दिवा टांगायची मुभा आहे, त्यापुढे वेगळा आधार द्यावा लागतो किंवा तेवढ्या वजनाचा म्हणून ठरवलेला बॉक्स लागतो. माझ्या मते घरातसुद्धा २० किलोच्या पुढे गेलं की हुकच्या भरवशावर न राहता वेगळी प्लेट आणि चार अँकर फास्टनर (भोकात आत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) हाच मार्ग.

फास्टनर मारताना भोक किती खोल, धूळ फुंकून काढली का, काँक्रीट आहे की वर नुसता प्लास्टरचा थर, यावर सगळं ठरतं. ड्रिल सुरुवातीला सरसर आत गेलं आणि पांढरी भुकटी पडली तर ते प्लास्टर, राखाडी भुकटी पडायला लागली आणि हाताला जोर लावावा लागला की काँक्रीट सुरू झालं. फास्टनरची लांबी तिथून मोजायची.

६. आठ दिव्यांचं झुंबर म्हणजे लाइटबिल किती वाढेल? आणि उजेड पुरेल का?

जुने ४० वॉटचे आठ फिलामेंट बल्ब म्हणजे ३२० वॉट. तेवढ्याच उजेडाचे एलईडी साधारण साडेचार-पाच वॉटचे, म्हणजे आठ मिळून ४० वॉटच्या आत. वॉट आता विसरा, खोक्यावर लुमेन बघा, म्हणजे बल्ब किती उजेड देतो त्याचा आकडा. जुना ६० वॉटचा बल्ब म्हणजे साधारण ८०० लुमेन, ४० वॉटचा म्हणजे साडेचारशेच्या आसपास.

उजेड पुरेल का हे मात्र शेडवर आहे. दुधी काच, कापडी शेड, रंगीत काच हे सगळे बराच उजेड गिळतात, आणि वर तोंड केलेले दिवे आधी छत उजळवतात, छत पांढरं असेल तर तो उजेड खाली परत येतो, गडद लाकडी असेल तर तिथेच संपतो. वाचायला, भाजी चिरायला, शिवायला झुंबराच्या भरवशावर राहू नका, त्याला वेगळा दिवा हवा.

७. बल्ब बसतच नाहीये, होल्डर वेगळा आहे म्हणतात. कसं ओळखायचं?

आटे आहेत की पिना आहेत ते बघा. दोन पिना दाबून फिरवून बसतो तो बी२२. आट्यांचा जाड तो ई२७, आट्यांचा बारीक, मेणबत्तीसारख्या बल्बचा, तो ई१४. अक्षरापुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, त्यामुळे पट्टी घेऊन मोजता येतो. अमेरिकेतून आणलेल्या दिव्यात ई१२ आणि ई२६ असतात, ई१२ मधे ई१४ जात नाही, आणि तिथली व्होल्टेजही वेगळी, तेव्हा बल्ब इथल्या व्होल्टेजचाच घ्या. दोन तारेच्या आकड्या असलेला बारका बल्ब जी९, तो थेट मेन्सवर चालतो; दोन सरळ टाचण्यांसारखा जी४, तो बहुतेक १२ व्होल्टचा आणि त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो. या दोघांची अदलाबदल करू नका.

होल्डरवर कमाल वॉट लिहिलेले असतात ते पाळाच, शेड बंद असेल तर एलईडीसुद्धा आत तापून लवकर जातात.

८. वॉर्म घेऊ की पांढरा?

बसायच्या, जेवायच्या, झोपायच्या जागी २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा). ४००० चा पांढरा ऑफिस, क्लासरूम, ओट्यावरच्या दिव्याला ठीक. ६५०० चा निळसर पांढरा झुंबरात लावला की पितळ हिरवट दिसतं आणि माणसं आजारी दिसतात, मला स्वतःला तो शोभेच्या दिव्यात कुठेच पटत नाही. क्रिस्टलचं झुंबर असेल तर काही लोक ३००० च्या वर जातात कारण लोलक जास्त थंड चमकतात, ती आवड झाली.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं १०० पैकी माप. ८० चालतो, ९० च्या वरचा घेतलात तर लाल, तपकिरी, लाकडाचा रंग, चेहऱ्याचा रंग खरा दिसतो. एकाच झुंबरात वेगवेगळ्या कंपनीचे बल्ब लावू नका, खोक्यावर दोन्हीकडे २७०० लिहिलेलं असलं तरी शेजारी शेजारी लावल्यावर एक पिवळा आणि एक गुलाबी दिसतो. म्हणून घेतानाच दोन-तीन जास्तीचे घेऊन ठेवा.

९. दिवा सुंदर आहे पण डोळ्यात खुपतो. काय करू?

खुपतो तो उजेड नाही, उघडा बल्ब खुपतो. मेणबत्तीची ज्योत मंद असते, तिच्याकडे बघता येतं, म्हणून जुन्या झुंबरात ज्योत उघडी ठेवायची पद्धत पडली. त्याच जागी आपण पारदर्शक काचेचा, तेजस्वी बल्ब लावतो आणि मग डोळे दुखतात.

यावर डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसेन यांनी जन्मभर विचार केला. १९२० च्या दशकात त्यांनी एकावर एक तीन शेड अशा बसवल्या की बल्ब थेट दिसणारच नाही, प्रत्येक किरण आधी शेडवर आपटून मऊ होऊन मग खाली येईल. १९५८ मधला त्यांचा आर्टिचोक दिवा बघा, ७२ पाती एकमेकांवर अशी रचलीत की कुठल्याही कोनातून बघितलं तरी आतला बल्ब नजरेला पडत नाही. मला कोणी विचारलं की चांगला शोभेचा दिवा कसा असतो तर मी हाच दाखवतो, कारण त्यातलं एकही पातं नुसतं सजावटीसाठी नाहीये.

घरच्या घरी करायचं तर: पारदर्शक बल्ब काढून दुधी बल्ब लावा, लुमेन कमी करा, डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावा (पण आधी प्रश्न १० वाचा). आणि दिवा विकत घ्यायच्या आधी दुकानात तो पेटवून, त्याच्या खाली खुर्ची ओढून बसून बघा. उभं राहून बघितलेला दिवा आणि बसून बघितलेला दिवा यात फार फरक पडतो.

१०. डिमर लावल्यापासून एलईडी लुकलुकतात, गुणगुणतात. बल्ब खराब आहेत का?

बहुतेक वेळा बल्ब आणि डिमरचं जमत नाहीये एवढंच. आधी बल्बच्या खोक्यावर "डिमेबल" लिहिलंय का बघा, नसेल तर तिथेच विषय संपला. असेल तर डिमर बघा. जुने डिमर फिलामेंट बल्बसाठी बनलेले, त्यांना कमीत कमी ४०-६० वॉटचा भार लागतो, आणि तुमचे आठ एलईडी मिळून जेमतेम ३५ वॉट, म्हणजे डिमरला पकडायला काही सापडतच नाही. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर घ्या.

तात्पुरती तपासणी म्हणून एका होल्डरमध्ये जुना फिलामेंट बल्ब लावून बघा, लुकलुक थांबली तर दोष कमी भाराचा होता हे कळतं. आणि एक अपेक्षा सोडा: फिलामेंट मंद केला की लालसर होत जायचा, साधा एलईडी तसा होत नाही, तो मंद पांढरा-पिवळाच राहतो. तो लालसरपणा हवा असेल तर "डिम टू वॉर्म" प्रकारचे बल्ब मिळतात.

११. बटण बंद केलं तरी झुंबरातले दिवे रात्री अंधुक पेटलेले दिसतात. भुताटकी नाही ना?

नाही, पण दुर्लक्ष करू नका. साधं कारण म्हणजे बटणात तो बारका लाल इंडिकेटर असतो, त्याच्यातून जो नखभर करंट वाहतो तेवढा एलईडीला उजळायला पुरतो. किंवा लांबच्या लांब वायरी एकमेकींना चिकटून गेल्यात आणि त्यांच्यातून थोडा करंट झिरपतो.

धोक्याचं कारण तिसरं. वायरमनने बटण फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलमध्ये (वीज परत नेणारी तार) टाकलेलं असू शकतं. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये पूर्ण करंट हजर असतो आणि तुम्ही बल्ब बदलायला हात घालता तेव्हा तो तुमची वाट बघत असतो. टेस्टर असलेल्या माणसाकडून हे तपासून घ्या, आणि तोपर्यंत बल्ब बदलताना एमसीबीच (मुख्य बोर्डावरचा त्या लाइनचा खटका) खाली पाडा, नुसतं बटण नाही.

१२. खरं क्रिस्टल कसं ओळखायचं? काच आणि क्रिस्टल वेगळं असतं का?

क्रिस्टल ही काचच आहे, स्फटिक नाही. जुन्या काळात काही श्रीमंत झुंबरांना खरे रॉक क्रिस्टलचे, म्हणजे खनिज स्फटिकाचे लोलक असायचे, पण ती फार थोडी. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत त्यात शिशाचा ऑक्साइड घालून जी काच तयार झाली तिने झुंबराचा सगळा खेळ बदलला. शिशामुळे काच जड होते, मऊ होते म्हणून तिला पैलू पाडता येतात, आणि प्रकाश तिच्यातून जाताना जास्त वाकतो. साध्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा) १.५२ च्या आसपास, शिसं वाढलं की तो वर जातो, आणि रंगही जास्त फुटतात. युरोपच्या १९६९ च्या नियमाप्रमाणे २४ टक्के शिशाचा ऑक्साइड असेल तर लेड क्रिस्टल आणि ३० टक्के असेल तर फुल लेड क्रिस्टल म्हणायचं.

व्हेनिसची गोष्ट वेगळी. तिथले काचकारागीर १२९१ मध्ये मुरानो बेटावर हलवले गेले, त्यांची सोडा काच बराच वेळ लवचिक राहते पण खोल पैलू पाडायला तितकी चांगली नाही, म्हणून मुरानोच्या झुंबरात लोलक कमी आणि फुंकून, ओढून केलेली फुलं-पानं जास्त. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, पैलू. तिथल्या मारिया थेरेसा प्रकारात हात धातूच्या पट्टीचे असतात आणि त्यावर काचेच्या पट्ट्या आणि फुलं बसवलेली असतात, १७४३ मध्ये ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा प्रागमध्ये राज्याभिषेक झाला त्याच्याशी हे नाव जोडलंय. काच कशी वागते त्यावर झुंबराचा आकार ठरतो हे एकदा समजलं की कुठल्याही झुंबराकडे बघायची नजर बदलते.

आता ओळखायचं कसं. लोलक गालाला लावा: काच गार लागते, ॲक्रिलिक लागत नाही. हातात तोला, ॲक्रिलिक हलकं फोल असतं. कड बोटाने चाचपा: पैलू पाडलेल्याची कड टोकदार, साच्यात ओतलेल्याची कड गोलसर आणि बाजूला साच्याची बारीक रेघ. आणि आज बिनशिशाची मशीनने पैलू पाडलेली काचही उत्तम मिळते, मशीनने अचूक पैलू पाडायचं पेटंट डॅनियल स्वारोव्स्की यांनी १८९२ मध्येच घेतलं होतं, तेव्हा शिसं नाही म्हणजे नकली असं समजू नका.

ॲक्रिलिक वाईट का? लहान मुलं चेंडू खेळतात त्या खोलीत किंवा कमकुवत छताला मी स्वतः ॲक्रिलिक सुचवतो. फक्त ते कोरड्या फडक्याने पुसलं की चरे पडतात आणि वर्षांनी पिवळं पडू शकतं.

१३. झुंबर धुवायचं कसं? दर वेळी सगळे लोलक काढायचे का?

नाही. वर्षातून एक-दोनदा जागेवरच पुसलं तर पाच-सहा वर्षं उतरवायची वेळ येत नाही.

एमसीबी पाडा, बल्ब गार होऊ द्या, खाली गादी किंवा जाड चादर पसरा, आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. दोन्ही हातात सुती हातमोजे घाला, एक ओला, एक कोरडा. ओला हातमोजा डिस्टिल्ड वॉटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणाने भिजवायचा, चार भाग पाणी आणि एक भाग अल्कोहोल, मग लोलक ओल्या हाताने चोळायचा, लगेच कोरड्या हाताने पुसायचा. नळाच्या पाण्याने क्षाराचे डाग राहतात. झुंबरावर थेट फवारा मारू नका, पाणी ओघळून होल्डरमध्ये जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, झुंबर फिरवायचं नाही, शिडी फिरवायची. कामाला लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत एका हॉलमधलं बारा हातांचं झुंबर पुसत होतो, शिडी सारखी उचलायचा कंटाळा म्हणून झुंबरच हळूहळू आपल्याकडे वळवत गेलो. अर्ध्या तासाने वर बघितलं तर वरचा कप आणि दांडा यांच्यात बोटभर फट, जी आधी नव्हती. दांडा वर आट्यांनी बसवलेला होता आणि मी तो चार वेढे उघडला होता, आत वायरींना पीळ पडलेला. आणखी दोन-तीन वेढ्यांत ते सगळं माझ्या अंगावर आलं असतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक झुंबराच्या आट्यांवर आडवा स्क्रू किंवा लॉकनट आहे का ते आधी बघतो, आणि नसेल तर घालूनच काम सुरू करतो.

लोलकाची पिन तुटली तर पितळी पिन घाला, घरात पडलेली लोखंडी तार नको, ती गंजते आणि काचेच्या भोकाशी कायमचा तपकिरी डाग पडतो.

१४. पितळ काळं पडलंय, पॉलिश मारू का?

आधी बघा वर लॅकर (चमक टिकवायचा पारदर्शक थर) आहे का. लॅकर असेल तर काळेपणा डागाडागांनी, जिथे लॅकर उडालंय तिथेच दिसतो, पॉलिश मारलंत तर उरलेलं लॅकरही जाईल. अशा वेळी नुसतं ओलं फडकं. लॅकर नसेल तर खुशाल चमकवा. जुन्या युरोपियन ब्राँझच्या दिव्यावर मऊ, जरा मॅट सोनेरी थर असेल तर मात्र हात थांबवा, तो पाऱ्याने चढवलेला खऱ्या सोन्याचा मुलामा असू शकतो आणि पॉलिशने तो घासून निघून जातो, परत येत नाही.

१५. घरात जुनं झुंबर सापडलंय, आजोबांच्या वेळचं. थेट लावू शकतो का?

थेट नाही. जुन्या वायरीवरचं रबर आणि कापड बल्बच्या उष्णतेने कडक होतं, वाकवलं की बिस्किटासारखं तुकडे पडतात, आणि आत उघडी तार धातूच्या हाताला टेकते. सगळी वायरिंग नवीन करून घ्या, होल्डर बदला, आणि धातूच्या भागाला अर्थिंग द्या. जुन्यात अर्थिंग नसतंच बहुतेक. (नव्या दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो डबल इन्सुलेशनचा, त्याला अर्थिंग लागत नाही.)

हातांवर छोट्या चाव्या किंवा नळ दिसतात का ते बघा. दिसले तर ते मूळचं गॅसचं झुंबर असेल, आतून पोकळ नळ्या, नंतर विजेवर आणलेलं. लंडनचं सॅव्हॉय थिएटर १८८१ मध्ये संपूर्ण विजेच्या दिव्यांवर गेलं, अशा प्रकारचं ते पहिलं सार्वजनिक ठिकाण, आणि त्यानंतर कितीतरी गॅसच्या दिव्यांत तारा ओवल्या गेल्या. त्या चाव्या काढून टाकू नका, ती त्या वस्तूची जन्मखूण आहे.

१६. बाथरूममध्ये किंवा उघड्या व्हरांड्यात लावता येईल?

दिव्यावरचा आयपी आकडा बघा, धूळ आणि पाण्यापासून दिवा किती सुरक्षित आहे ते तो सांगतो. आयपी४४ म्हणजे पाण्याचे शिंतोडे चालतात, आयपी२० म्हणजे फक्त कोरडी जागा. शॉवर किंवा टबच्या वर साधं झुंबर अजिबात नको. व्हरांड्यात वाऱ्याचाही विचार करा, साखळीऐवजी ताठ दांडा घ्या. वाडगा वर तोंड करून असेल तर किडे साचणारच, पिवळसर एलईडीला किडे कमी येतात.

१७. पंख्याजवळ झुंबर लावलंय, सगळी खोली फडफडल्यासारखी वाटते.

दिवा पात्यांच्या वर आहे, म्हणून पात्यांच्या सावल्या उजेड कापत जातात. दिवा पात्यांच्या खाली आणा किंवा बाजूला सरकवा, डिमरने हे जाणार नाही. वाऱ्याने लोलक किणकिणत असतील तर तेही झुंबर पंख्याच्या फार जवळ असल्याचंच लक्षण. आणि लांब साखळीचं झुंबर एकदा हललं की सावकाश बराच वेळ झुलतं, झोक्याचा वेळ साखळीच्या लांबीवर असतो, वजनावर नाही.

१८. सभागृहात, थिएटरमध्ये मोठं झुंबर आहे. त्याची काळजी घरच्यासारखीच घ्यायची का?

नाही, तिथे खाली शेकडो माणसं असतात आणि त्यांनी ते झुंबर निवडलेलं नसतं. पॅरिसच्या पॅले गार्निए ऑपेरात सुमारे ७ टनांचं झुंबर आहे. २० मे १८९६ ला कार्यक्रम चालू असताना त्याचं काउंटरवेट (झुंबराचा भार तोलायला लावलेलं वजन) तुटून छतातून खाली आलं आणि एका बाईचा जीव गेला. लोकांच्या बोलण्यात झुंबर पडलं असंच राहिलं, पण झुंबर जागेवर होतं, पडलं ते कोणाला न दिसणारं वजन. म्हणून तपासणी वर, छताच्या पोकळीत जाऊन करायची, खालून दुर्बिणीने नाही.

मोठ्या झुंबराला मुख्य दोरापासून स्वतंत्र असा दुसरा सेफ्टी दोर हवा, आणि तो वेगळ्या तुळईला बांधलेला हवा. दोन्ही एकाच हुकला असतील तर दुसऱ्याचा काय उपयोग? वर खाली करायची विंच असेल तर तिच्या तारेचे तुटके धागे, ड्रमवरचे वेढे, ब्रेक, लिमिट स्विच (झुंबर ठरलेल्या टोकाला पोचलं की विंच थांबवणारा) हे ठरलेल्या मुदतीने बघून वहीत तारीख घालायची, आणि झुंबर उतरवताना खाली एकही माणूस उभा राहू द्यायचा नाही.

विंच नीट असली की काय करता येतं ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात दिसतं. १९६६ मध्ये ऑस्ट्रियाने भेट दिलेली लोबमायर या काच-कंपनीची झुंबरं, प्रेक्षागृहात २१, ताऱ्यांच्या स्फोटासारखी दिसणारी. त्यातली काही प्रयोग सुरू होण्याआधी मंद होत होत वर छताकडे जातात, म्हणजे वरच्या सज्जातल्या लोकांना रंगमंच दिसावा. दिवा बाजूला सरकतो तोसुद्धा बघायचा सोहळा होतो.

१९. जगात सगळ्यात मोठं झुंबर कुठलं?

त्यावर वाद चालूच असतो कारण कोणी वजन धरतं, कोणी उंची. इस्तंबूलच्या दोल्माबाह्चे राजवाड्यातलं ४.५ टनांचं, ७५० दिव्यांचं. अबू धाबीच्या शेख झायेद मशिदीतलं १० मीटर व्यासाचं आणि १५ मीटर उंच. हे आकडे वाचून झाले की प्रश्न ५ परत वाचा.

२०. दिव्यातच एलईडी बसवलेला आहे, बल्ब बदलता येत नाही. बंद पडला तर सगळं फेकायचं?

बहुतेक वेळा एलईडी नाही, ड्रायव्हर (एलईडीला लागेल तसा करंट देणारी डबी) गेलेला असतो, तो वरच्या कपात किंवा फॉल्स सिलिंगच्या वर असतो. त्याच्यावर आउटपुट करंट मिलीॲम्पिअरमध्ये आणि व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते, करंट तोच आणि व्होल्टेजची रेंज जुळेल असा दुसरा घेतला की बहुतेक दिवे परत पेटतात. घेतानाच विचारा ड्रायव्हर सुटा मिळतो का, नाही म्हणाले तर मी तो दिवा घेणार नाही.

२१. आमच्या हॉलमधलं झुंबर इमर्जन्सी लाइट म्हणून धरलं जाईल का? त्याला इन्व्हर्टर जोडलाय.

इन्व्हर्टर जोडला म्हणून तो इमर्जन्सी लाइट होत नाही. बाहेर पडायच्या वाटेवरचे दिवे वेगळे असायला हवेत, स्वतःच्या बॅटरीवर किंवा वेगळ्या सर्किटवर, वीज जाताच आपोआप पेटणारे, आणि त्यांचा उजेड जिन्यावर आणि दारावर पडला पाहिजे. झुंबर हॉलच्या मधोमध असतं, दरवाजे कडेला असतात, तेव्हा ते पेटलेलं असलं तरी धूर भरल्यावर दाराकडची वाट दाखवू शकत नाही. ते वेगळे दिवे आधी लावा, झुंबराचा इन्व्हर्टर मग राहू दे हवा तर. आणि महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून बघा कुठले दिवे पेटतात, कुठले नाही. ही चाचणी हॉल रिकामा असताना रात्रीच करा, दिवसा खिडक्यांच्या उजेडात कुठला जिना अंधारात राहतोय ते कळतच नाही.